भरवशाची यादी: बंगळुरू आणि ब्राउझरमधली सर्वांत मोलाची सेटिंग

२०१० च्या आसपास ज्यांनी आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरलं, त्यांना बंगळुरूचा एक पत्ता पाठ असायचा: पोस्ट बॅग क्रमांक १, इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्ट ऑफिस. आयकर खात्याने २००९ साली बंगळुरूत केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू केलं. सगळ्यांच्या तोंडी ते ‘सीपीसी’ झालं. सांगलीहून असो वा सोलापूरहून, विवरणपत्र इंटरनेटवरून क्षणात तिथे पोहोचायचं. पण ‘आयटीआर-व्ही’ नावाचं एक पान छापून, त्यावर निळ्या शाईने सही करून, ते टपालाने बंगळुरूला धाडावं लागे. कुरिअर चालत नसे. कागद मुदतीत पोहोचला नाही, तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरलं जाई.

या खटाटोपातून सुटत ते डिजिटल सही असलेले लोक. त्यांच्याकडे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक टोकन असे आणि त्यातली सही तारेवरूनच जाई. मग प्रश्न उभे राहत: तारेवरून आलेली सही त्याच माणसाची कशावरून? आणि उलट बाजूने, आपण जिथे पॅन क्रमांक आणि पासवर्ड टाकतो ती वेबसाइट आयकर खात्याचीच कशावरून? दोन्ही प्रश्नांची उत्तरं दाखल्यांच्या एका साखळीवर टेकलेली आहेत. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर थेट आपल्या संगणकातल्या एका यादीत असतं.

ब्राउझरची सुरक्षा म्हटली की आपल्याला कुकीज, पॉप-अप, साठवलेले पासवर्ड आठवतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी ही यादी आहे. ‘यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा’ अशा संस्थांची ती यादी. ती आपण बनवलेली नसते, बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. आणि तरीही बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंतचा आपला सगळा व्यवहार तिच्यावर चालतो. या यादीत भारताचं नाव कसं आलं, कसं डागाळलं आणि बंगळुरूतून ते यादीत पुन्हा कसं पोहोचलं, याची ही हकीकत आहे.

यादी कुठे असते

१९९५ साली नेटस्केप या अमेरिकी कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल नावाची सुरक्षित जोडणी आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. नेटस्केपपुढची अडचण साधी होती. मजकूर कुलूपबंद करून पाठवणं गणिताने जमत होतं. पण किल्ली ज्याच्या हाती द्यायची तो खरा की तोतया, हे गणित सांगू शकत नव्हतं. त्यासाठी तिसरा कुणीतरी मध्यस्थ लागणार होता.

आपल्याकडे गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा, तशीच ही व्यवस्था. प्रत्येक वेबसाइट स्वतःचा दाखला दाखवते. त्या दाखल्यावर एका प्रमाणन संस्थेची सही असते, तिच्या दाखल्यावर तिच्या वरच्या संस्थेची, आणि साखळीच्या शेवटी असतं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ‘रूट’. हे रूट ब्राउझरच्या यादीत असेल तर कुलपाचं चिन्ह दिसतं. नसेल तर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असं पान समोर येतं.

ही यादी कुठे ठेवायची, याबाबत मोठ्या कंपन्यांचे रस्ते वेगळे झाले. मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्येच ठेवली. आजही विंडोजच्या शोधचौकटीत ‘सर्टएमजीआर’ असं इंग्रजीत टाइप केलं की एक खिडकी उघडते आणि तिच्यात ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ नावाच्या फोल्डरमध्ये ही नावं ओळीने दिसतात. इंटरनेट एक्सप्लोरर हीच यादी वापरत असे, आणि २००८ साली आलेला क्रोमही विंडोजवर बरीच वर्षं तिच्यावरच विसंबून होता. मोझिलाने मात्र फायरफॉक्ससाठी स्वतःची वेगळी यादी राखली. तिच्यात वापरणाऱ्याने केलेले फेरफार फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये एका छोट्या डेटाबेसमध्ये साठवले जातात आणि बाकीच्या आवडीनिवडी शेजारच्या ‘प्रिफ्स’ नावाच्या फाइलमध्ये. यादी कोणाच्या घरात आहे हा फरक तेव्हा तांत्रिक वाटला असेल. २०१४ च्या जुलैत त्याचं मोल कळलं.

कायद्याने आलेलं रूट

भारताने माहिती तंत्रज्ञान कायदा केला तो २००० साली; १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. त्या कायद्याने ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज’ हे पद निर्माण केलं. डिजिटल सह्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांना परवाने द्यायचे, त्यांच्यावर देखरेख ठेवायची आणि सगळ्यांच्या वर देशाचं स्वतःचं रूट राखायचं, ही या नियंत्रकाची कामं. परवाने मिळालेल्यांत सरकारी संकेतस्थळं सांभाळणारं नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, हेही होतं. पुढे मायक्रोसॉफ्टने भारताचं हे रूट विंडोजच्या यादीत घेतलं. मोझिलाच्या यादीत ते नव्हतं.

याच काळात सरकारी कामकाज झपाट्याने ब्राउझरमध्ये शिरत होतं. २००६ साली कंपनी व्यवहार मंत्रालयाचा ‘एमसीए-२१’ प्रकल्प आला आणि कंपन्यांची विवरणं डिजिटल सहीनेच भरणं बंधनकारक झालं. ई-निविदाही आल्या. पुण्या-मुंबईतल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या आणि ठेकेदारांच्या कार्यालयांत एक संगणक खास या कामासाठी राखलेला असे, कारण टोकनमधली सही ब्राउझरपर्यंत आणायला इंटरनेट एक्सप्लोरर, त्याला जोडलं जाणारं अ‍ॅक्टिव्हएक्स आणि जावाची नेमकी आवृत्ती यांची मोट बांधावी लागे.

इंटरनेट एक्सप्लोररने जगाचे झोन पाडले होते: स्वतःचा संगणक, कार्यालयातलं जाळं, भरवशाच्या साइट्स, बाकीचं इंटरनेट आणि निषिद्ध साइट्स. त्यांना शून्य ते चार असे क्रमांक होते आणि प्रत्येक झोनच्या सेटिंग्ज विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या क्रमांकाखाली लिहिलेल्या असत. पोर्टलांच्या सूचनापत्रकांत सांगितलेलं असे: आमची साइट ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये टाका, अ‍ॅक्टिव्हएक्स चालू करा, पॉप-अप ब्लॉकर बंद करा. काम अडू नये म्हणून लोक ते करत. सुरक्षेच्या सेटिंगला हात लावणं म्हणजे कुठलंतरी संरक्षण सैल करणं, अशी सवय एका अख्ख्या पिढीला या सूचनापत्रकांनी लावली.

बंगळुरूचा पहिला ब्राउझर

जुलै २०१० मध्ये बंगळुरूत ‘एपिक’ नावाचा ब्राउझर प्रसिद्ध झाला. आलोक भारद्वाज यांच्या ‘हिडन रिफ्लेक्स’ या कंपनीने तो तयार केला होता. मोझिलाच्या खुल्या संहितेवर तो उभा होता. त्यात भारतीय भाषांत टाइप करायची सोय होती, शेजारच्या पट्टीवर बातम्या आणि अ‍ॅप्स होती आणि व्हायरस तपासणारी यंत्रणाही आतच बसवलेली होती. सायबर कॅफेतल्या संगणकांना व्हायरसने ग्रासलेलं असण्याच्या त्या दिवसांत हे शेवटचं वैशिष्ट्य लोकांना भावलं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये याच कंपनीने एपिक नव्याने लिहिला, या वेळी क्रोमियमच्या, म्हणजे क्रोममागच्या खुल्या संहितेच्या, पायावर. काही महिन्यांपूर्वीच एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रं उघड केली होती. नव्या एपिकने भाषा आणि सजावट मागे ठेवली आणि खासगीपणा पुढे आणला. इतिहास साठवायचा नाही, बाहेरच्या कुकीज मुळातच अडवायच्या, खिडकी बंद केली की मागचं सगळं पुसायचं. इतर ब्राउझरांत ज्या सेटिंग्ज शोधून बदलाव्या लागत, त्या इथे सुरुवातीपासूनच कडक होत्या. बंगळुरूतल्या एका छोट्या चमूने दिलेला हा धडा मोलाचा होता. बहुतेक माणसं सेटिंग कधीच बदलत नाहीत, त्यामुळे कारखान्यातून जी सेटिंग येते तीच खरी सुरक्षा.

मात्र भरवशाच्या यादीचा प्रश्न यातून सुटणार नव्हता. ब्राउझर कोणत्याही शहरात बांधला, तरी पाया मोझिलाचा वा क्रोमियमचा असेल, तर कोणाच्या दाखल्यावर विसंबायचं हा निर्णय त्या पायाबरोबरच येत होता.

जुलै २०१४

२ जुलै २०१४ रोजी गुगलच्या लक्षात आलं, की गुगलच्याच अनेक पत्त्यांसाठी कुणीतरी परस्पर प्रमाणपत्रं दिली आहेत. ती देणारी संस्था होती एनआयसी, आणि तिच्या वर भारताच्या नियंत्रकाचं रूट. असं प्रमाणपत्र हाती असलेल्याने वाटेत बसून जीमेलचं हुबेहूब पान दाखवलं असतं, तर विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोररने कुलूप दाखवून त्याला दुजोराच दिला असता.

असा प्रकार जगाने तीन वर्षांपूर्वीच पाहिला होता. २०११ साली नेदरलँड्समधल्या ‘डिजिनोटार’ या प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली आणि गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र इराणमध्ये वापरलं गेलं. तिथल्या एका वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला आणि बिंग फुटलं. क्रोममध्ये गुगलच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी जादा अट घातलेली होती: दाखला ठरावीक संस्थांकडूनच आलेला हवा. सगळ्या ब्राउझरांनी डिजिनोटारचं नाव यादीतून काढलं आणि त्याच सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं.

एनआयसीच्या बाबतीतही क्रोममध्ये गुगलच्या पत्त्यांना हीच अट राखून होती. पण इतर साइट्सना असं कवच नव्हतं. गुगलने एनआयसी, नियंत्रक आणि मायक्रोसॉफ्ट यांना कळवलं आणि क्रोममध्ये ती प्रमाणपत्रं अडवली. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, नियंत्रकाने एनआयसीची मधल्या पातळीवरची सगळी प्रमाणपत्रं रद्द केली. ८ जुलैला गुगलचे अभियंता अ‍ॅडम लँगली यांनी ही हकीकत जाहीर केली. नियंत्रकाच्या चौकशीचा निष्कर्ष असा, की एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत कुणीतरी शिरकाव केला होता आणि चार प्रमाणपत्रं चुकीची दिली गेली: तीन गुगलच्या पत्त्यांसाठी, एक याहूसाठी; पहिलं २५ जूनचं. आपल्याला या चारांपलीकडची प्रमाणपत्रंही आढळली आहेत, असं गुगलने सांगितलं. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-सूचना काढली. तिच्यात गुगल आणि याहूचे मिळून ४५ पत्ते होते.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांना या सगळ्याची झळ लागली नाही. अँड्रॉइड आणि अ‍ॅपलच्या उपकरणांनाही नाही. त्यांच्या यादीत भारताचं रूट मुळात नव्हतंच. एकच खोटा दाखला एका घरात ग्राह्य आणि शेजारच्या घरात रद्दी ठरला, तो यादी कोण सांभाळतं यावरून.

त्यानंतर गुगलने जे केलं ते मला या हकीकतीतलं सर्वांत बोचरं पान वाटतं. भारताचं रूट क्रोमने सरसकट काढलं नाही. ते सात पत्त्यांपुरतं मर्यादित केलं. जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया, एनकोड आणि टीसीएस. सार्वभौम देशाने कायद्याने उभारलेल्या शिक्क्याची सत्ता कुठवर चालेल, हे कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने ठरवलं. याचा राग येणं स्वाभाविक आहे. पण मुद्दाही तितकाच खरा होता: किती खोटी प्रमाणपत्रं सुटली, याचा खात्रीचा हिशेब कोणापाशीच नव्हता, आणि हिशेब नसेल तर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा?

उघड्या हिशेबाची वाट

तो हिशेब ठेवायची सोय जग तेव्हा उभारतच होतं. ‘सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी’ नावाची पद्धत २०१३ साली मांडली गेली. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र एका सार्वजनिक वहीत नोंदवायचं. त्या वहीत भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही, आणि ती कुणालाही तपासता येते. ३० एप्रिल २०१८ नंतरच्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली. आज कुणी एखाद्या बँकेच्या नावाने परस्पर प्रमाणपत्र काढलं, तर त्या बँकेचे लोक वही पाहून ते पकडू शकतात.

२०१८ सालीच बंगळुरूची ‘ईमुद्रा’ कंपनी या यादीकडे दुसऱ्या दाराने निघाली. व्ही. श्रीनिवासन यांची ही कंपनी. बाहेरच्या रिंग रोडवर देवराबीसनहळ्ळीला तिचं कार्यालय होतं. भारतीय कायद्याखाली डिजिटल सह्यांचा परवाना तिच्याकडे होताच, पण तो परवाना जगाच्या ब्राउझरांना पुरणार नव्हता. म्हणून तिने २०१८ च्या फेब्रुवारीत ‘एमसाइन’ नावाची स्वतंत्र रूट प्रमाणपत्रं तयार केली आणि ती घेऊन मोझिलाकडे अर्ज केला.

मोझिलाची पद्धत चिवट आहे. अर्ज उघड्यावर पडतो. बाहेरच्या लेखापरीक्षकांचे अहवाल जोडावे लागतात, किल्ल्या कशा आणि कुठे जपल्या जातात याचं लिखित धोरण द्यावं लागतं, आणि मग कुणीही प्रश्न विचारू शकेल अशी जाहीर चर्चा होते. कागदात विसंगती निघाली तर सर्वांसमोर खुलासा करावा लागतो. ईमुद्रा या कसोटीतून गेली आणि २०१९ साली तिची रूट प्रमाणपत्रं फायरफॉक्सच्या यादीत आली. देशाच्या कायद्याने जे दार उघडलं नव्हतं, ते बंगळुरूतल्या एका कंपनीने कागद उघडे करून उघडलं.

घरच्या संगणकातला अपवाद

वरच्या पातळीवर एवढी काटेकोर व्यवस्था उभी राहत असताना खाली, आपल्या टेबलावर, काय चाललं होतं? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कंपन्यांना विवरणपत्रावर डिजिटल सही लागणार होती. पण २०१५ साली क्रोमने जुनी प्लग-इन पद्धत बंद केली होती, त्यामुळे ब्राउझरला टोकनशी थेट बोलता येत नव्हतं. उपाय म्हणून ‘एमसाइनर’ नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर बसवायचं. ते संगणकातच एक छोटा सर्व्हर चालवतं आणि पोर्टल त्याच्याशी बोलतं.

हा सर्व्हर म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता, १२७.०.०.१, आणि पुढे दार क्रमांक १५८५. तिथल्या दाखल्याला जगातली कुठलीही मान्यवर संस्था शिक्का देत नाही, कारण हा पत्ता प्रत्येक संगणकाचा असतो. म्हणून सही अडली की कार्यालयातला जाणता माणूस हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो, लाल इशारा येतो, तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबतो आणि ‘तरीही पुढे जा’ म्हणतो. फायरफॉक्समध्ये असा कायमचा अपवाद प्रोफाइल फोल्डरमधल्या ‘सर्ट ओव्हरराइड’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ होऊन बसतो. स्वतःच्या संगणकापुरता हा अपवाद समजण्यासारखा आहे. अडचण सवयीची आहे. महिन्याच्या विसाव्या तारखेला, मुदत संपत असताना, ज्याने तो लाल इशारा डोळे झाकून ओलांडला, तो उद्या बँकेच्या नकली पानावरही तसाच ओलांडेल. म्हणून लेखनिकाला बटणांचा क्रम पाठ करून देऊ नये. आपल्याच संगणकाचा पत्ता असेल तरच पुढे जायचं, दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर हा इशारा आला की थांबायचं, एवढं त्याला समजावून सांगायला हवं.

स्वतःची यादी

२०२२ साली क्रोमनेही विंडोजच्या यादीवर विसंबणं सोडलं आणि स्वतःचं ट्रस्ट स्टोअर, म्हणजे स्वतःची यादी, आणली. जगातल्या बहुतेक ब्राउझरांची भरवशाची यादी आता मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘इंडियन वेब ब्राउझर डेव्हलपमेंट चॅलेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. एकूण रक्कम ३ कोटी ४१ लाख रुपये. नियंत्रकाच्या कार्यालयाबरोबर तिची धुरा होती सी-डॅकच्या बंगळुरू केंद्राकडे. १९८८ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकचं हे केंद्र बैयप्पनहळ्ळीच्या नॉलेज पार्कात आहे.

स्पर्धेची कळीची अट अशी: ब्राउझरचं स्वतःचं ट्रस्ट स्टोअर असावं आणि त्यात भारताच्या नियंत्रकाचं रूट आधीपासून बसवलेलं असावं. टोकन वापरून ब्राउझरमधूनच कागदपत्रावर सही करता यावी, ही दुसरी. तीन फेऱ्यांनंतर मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. झोहो पहिली आली आणि तिला १ कोटी रुपये मिळाले. ‘पिंग’ या संघाला ७५ लाख आणि ‘अज्ञ’ या संघाला ५० लाख.

देशाकडे स्वतःचा ब्राउझर आणि स्वतःची यादी असावी, ही मागणी मला रास्त वाटते. नागरिकाचा सरकारशी चालणारा व्यवहार कुठल्या दाखल्यावर चालावा, हे दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. पण २०१९ साली कझाकस्तानने नागरिकांना सरकारी रूट बसवायला लावलं आणि त्यातून त्यांच्या जोडण्या वाटेत उघडल्या जाऊ लागल्या. ऑगस्टमध्ये गुगल, मोझिला आणि अ‍ॅपलने ते रूट अडवलं. स्वतःचं रूट हे संरक्षणाचं साधन आहे तसंच पाळतीचंही होऊ शकतं. ते कोणतं ठरेल, हे ध्वजावरून ठरत नाही, हिशेबावरून ठरतं.

म्हणून भारतीय यादीची परीक्षा स्पर्धेच्या निकालानंतर सुरू होते. नियंत्रकाच्या रूटखाली वेबसाइट्सना दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदवलं जाईल का? परवानाधारकांचे लेखापरीक्षण अहवाल कुणालाही वाचता येतील का? चूक झाली, तर ती परदेशी कंपनीने दाखवण्याआधी आपणच जाहीर करू का? २०१४ साली आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी उत्तर होतं, पण किती खोटी प्रमाणपत्रं सुटली याचा हिशेब नव्हता. बंगळुरूतल्याच एका कंपनीने पुढे दाखवून दिलं, की उघड्या कागदांनिशी गेलं तर जगाचं दार उघडतं. सरकारी रूटनेही स्वतःला तीच कसोटी लावावी, आणि ती परक्या ब्राउझरांना खूश करण्यासाठी नव्हे, तर ज्या नागरिकाच्या संगणकात ते न विचारता बसणार आहे त्याच्यासाठी लावावी.